न विकलेलं दूध

मंगळवार, १५ जानेवारी

जगरूपच्या दुधात पाणी नाही! लॅक्टोमीटर दोनदा बुडवला, दोन्ही वेळा हवा तिथेच थांबला. आणि हेच मला खटकतंय. रस्त्याकडेला फळकुटावर बाटल्या मांडून दूध विकणारे सगळे माझ्या ओळखीचे. त्यांच्या दुधात फिजीतल्या या रेवा नदीचा थोडा तरी वाटा असतोच. मग याच्याच दुधात का नाही? पाणी नाही म्हणजे दुसरं काहीतरी असणार. पीठ असेल, साखर असेल. नमुना भरून घेतला, सील लावलं.

म्हातारा हसत उभा होता. सत्तरी ओलांडली, दात मोजके उरलेत, जीभ मात्र शाबूत. "इन्स्पेक्टरनी, यंत्र बुडवा, पण तुम्ही बुडू नका हं!" वीलिआमे गाडीत बसून खिदळत होता. ड्रायव्हरने ड्रायव्हरसारखं राहावं!

येताना बाजारात लोसालिनीचा कोकोंदा पाहिला. कच्चा मासा लिंबात मुरवलेला, वर नारळाचं दूध, आणि बर्फाचा पत्ता नाही. ओतायला लावला. "मॅडम, तुम्ही घरी जेवता तरी का, की नुसता वास घेऊन उठता?" सगळा बाजार हसला. हसू दे. उद्या पोटात मुरडा आला की मीच आठवते सगळ्यांना.

गुरुवार, १७ जानेवारी

जगरूपचा नमुना स्वच्छ आला. पीठ नाही, साखर नाही, काहीच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवार, १९ जानेवारी

माझा रोनील आला, नांदीच्या हॉटेलातल्या नोकरीवरून, एका दिवसासाठी. येताना बायकोसाठी केक घेऊन! हॉटेलातला, क्रीमचा. मी डबा उघडला, वास घेतला आणि शेजारच्या कुत्र्याला घातला. पोराचं तोंड उतरलं. "मम्मी, फाइव्ह स्टार हॉटेल आहे ते." असेल. तारे दारावर असतात, स्वयंपाकघरात काय असतं ते मला विचारावं.

"तुझा कोणावर तरी विश्वास आहे का गं?" जाताना म्हणाला.

त्याला काय सांगू? मागच्या वर्षी सुनेचं, प्रणीताचं, पहिलं राहिलं नाही. चौथ्या महिन्यात गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. कारण नसतं होय? त्याच आठवड्यात तिने मैत्रिणीबरोबर बाजारातली करी खाल्ली होती. मी तेव्हा सुवाला ट्रेनिंगला. घरी असते तर खाऊ दिली असती का? आता पुन्हा पाचवा महिना लागलाय. या वेळी माझ्या हातून जाईल तेच तिच्या पोटात जाईल. भाजी मिठाच्या पाण्यातून काढते. पाणी उकळते. दुधाला तीन उकळ्या आल्याशिवाय पातेल्याला तिचा हात लागू देत नाही.

पोरगी गुणी आहे, उलट बोलत नाही. तरी मी रोज कचऱ्याची पेटी बघते. गुणी माणसालाही भूक लागते.

सोमवार, २१ जानेवारी

उपास. ऑफिसातून थेट शंकराच्या देवळात. वीलिआमेने गाडी फाटकाशी लावली. मी चरणामृताचा तांब्या घेऊन बाहेर आले, तर हा विचारतो, "मॅडम, हे नाही तपासत?"

"काय?"

"त्यातलं. दूधच ना ते? बाजारात माझी आत्या विकते ते लोणचंही तुम्ही सोडत नाही, म्हणून विचारलं."

"हा प्रसाद आहे. तुझ्या चर्चमध्ये पाद्री देतो ते तू तपासतोस?"

"आमचा पाद्री माझा मामा आहे. तपासायलाच पाहिजे!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला.

वाह्यात! याच्या तोंडी कोण लागणार. घरी येऊन प्रणीताला चमच्याने दोनदा दिलं. डाव्यावर उजवा हात ठेवून, डोळे मिटून घेते. दिवसभर लोकांची घाण हुंगून आलेल्या माझ्या जिवाला एवढीच निवांत जागा. देवाचं पोटात गेलं की वाटतं, आता कोणी हात लावणार नाही.

मंगळवार, २२ जानेवारी

म्हटलं होतं ना! म्हटलं होतं!

जनावरांचे डॉक्टर ऑफिसात आले, दार ओढून बसले. जगरूपची चांदनी नाताळात गाभडली. म्हाताऱ्याने कोणाला सांगितलं नाही, वासरू गुपचूप पुरलं. डॉक्टरांना शेजाऱ्याकडून कळलं. गोठ्यातल्या सगळ्या गायींचं रक्त घेतलं होतं, त्यात गाभडण्याच्या रोगाची शंका आली. ब्रुसेला. पक्का निकाल परदेशातून यायचा, त्याला वेळ लागणार. तोवर दूध बंद करा म्हणाले. उकळलं तर भीती नाही. पण कच्चं पोटात गेलं की माणसाला ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात. आणि बाई गरोदर असेल तर — पुढचं त्यांनी सांगायच्या आतच मी मान हलवली.

"त्याला नीट समजावून सांगा, मॅडम. रोग काय, धोका काय. आमच्या खात्याकडून लेखी जाईल ते निकालानंतर."

"मी बघते," म्हटलं.

बुधवार, २३ जानेवारी

नाही सांगितलं. मुद्दामच. जो माणूस मेलेलं वासरू गुपचूप पुरतो, त्याला रोगाचं नाव सांगायचं म्हणजे उरलेल्या गायी नदीपलीकडे कुठल्या तरी मेव्हण्याच्या कुरणात! मग बसा शोधत. इतकं काही मला कळत नाही असं नाही.

त्याच्या अंगणात उभं राहून एवढंच म्हटलं, "पुढचा हुकूम येईपर्यंत दूध विकायचं नाही."

"का? पाणी सापडलं?"

"नाही."

"मग काय सापडलं?"

"सरकारी अडचण आहे. विकायचं नाही म्हणजे नाही, नाना. एक थेंबही नाही."

म्हातारा हसायचा थांबला. "गाय म्हणजे नळ आहे का इन्स्पेक्टरनी, चावी फिरवली की बंद? धार काढली नाही तर कास सुजेल. काढलेल्याचं करू काय?"

"ओतून द्या."

"मातीत?" अंगणातल्या हनुमानाच्या लाल झेंड्यांकडे बघून त्याने कान पकडले. "गाईचं दूध मातीत ओतू? तुम्ही हिंदूच ना?"

"मग वाटेल ते करा! पण विकलंत तर केस करीन."

बराच वेळ चांदनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. विकणार नाही. शब्द दिला." शब्द! शब्दांचे नमुने घेता आले असते तर किती बरं झालं असतं.

सोमवार, २८ जानेवारी

जगरूपचं फळकुट रिकामं. एक बाटली नाही. म्हणजे मागल्या दाराने विकतोय.

देवळात जाऊन आले. प्रणीताला चरणामृत दिलं.

गुरुवार, ३१ जानेवारी

आज पकडलाच होता! सकाळी लवकर वीलिआमेला घेऊन त्याच्या वळणावर जाऊन थांबले. वीलिआमेने शेंगदाणे आणले होते, मला देऊ केले. कुठले, कोणी भाजले, काही पत्ता नाही. नको म्हटलं. तेवढ्यात म्हातारा निघाला. खांद्यावर दुधाचा डबा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला मोठा पोचा. रस्त्याने नाही, कसावाच्या शेतातल्या पायवाटेने! गाडी कशी जाणार तिथून? मी उतरून धावले, तर चिखलात चप्पल रुतली. ती काढेपर्यंत म्हातारा दिसेनासा झाला.

परत आला तेव्हा मी वाटेतच उभी. डबा उघडायला लावला. रिकामा. आणि धुतलेला! डबा धुऊन कोण आणतं? ज्याला काही लपवायचंय तोच.

"दूध कुठे गेलं?"

"गेलं."

"कोणाला विकलं?"

"विकलं नाही. तुम्हाला शब्द दिलाय."

"मग कोणाला दिलं? नाव सांगा."

हात जोडले त्याने. "दिलेलं बोलून दाखवलं की दिलेलं राहत नाही, इन्स्पेक्टरनी. हिंदुस्थानच्या जहाजातून उतरलेला माझा आजा सांगायचा, या हाताचं त्या हाताला कळू देऊ नको. ते मी मोडणार नाही. केस करायची तर करा."

"मला पुराण सांगू नका!"

"कुठे सांगतोय? उलट सांगत नाहीये म्हणूनच तुम्ही रागावलाय."

वीलिआमे पाठ फिरवून नदीकडे बघत उभा होता, खांदे हलत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की जगाला दिसत नाही. मला दिसतंय. फक्त वाडगा कुठे आहे तेवढं सापडायचंय.

सोमवार, ४ फेब्रुवारी

चरणामृत हल्ली छान दाट असतं. पूर्वीचं पावडरीचं, अगदी पाणचट. प्रणीता म्हणाली, "मम्मी, अजून थोडं आहे?" दोन महिन्यांत पोरीने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. मला इतकं बरं वाटलं! उरलेलं सगळं तिला दिलं. मी नुसतं बोट बुडवून घेतलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

रघुनंदन मिठाईवाल्यावर धाड. माझा तर्क सरळ होता. शिवरात्र तोंडावर आली, बर्फी-पेढ्याला दूध लागणार, जगरूपचं फुकटच्या भावात मिळणार. मागच्या दाराने शिरले. सगळे डबे उघडायला लावले. दुधाच्या पावडरीचे पत्र्याचे डबे, रांगेने, तारखा बरोबर, झाकणं घट्ट.

"दीदी, ताज्या दुधाची बर्फी करायला मी काय राजा लागून गेलो? सगळ्या फिजीत कोण करतं?"

"जगरूप इकडे येतो का?"

"जगरूपनाना? त्यांना साखर झालीय, मिठाईच्या दुकानाकडे बघतही नाहीत." मग बर्फीचा तुकडा पुढे केला. "हा तरी घ्या."

घेतला नाही. घेतला असता तर उद्या गावभर सांगितलं असतं, इन्स्पेक्टरनी खाऊन गेली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दोन चहावाले, एक शाळेची कँटीन, बसस्टँडवरची लस्सी. कुठेच नाही. इतकं दूध जातं कुठे?

वीलिआमे म्हणतो, "मॅडम, असंही असेल की म्हातारा खरं बोलतोय." याला कोणीतरी ग्रॉग पाजून फितवलाय. नाहीतर हा जगरूपची बाजू का घेईल?

सोमवार, १८ फेब्रुवारी

प्रणीताला ताप. हात लावला तर चटका बसला. काय खाल्लंस? "काही नाही मम्मी." खरं सांग. "खरंच काही नाही." तिच्या उशाखाली चिंचेच्या गोळ्यांची पुडी सापडली. बघा! मी बोलले, जरा जास्तच बोलले. रडली. पुडी चुलीत टाकली. मग अंगारा लावला, चरणामृत दिलं. तेवढंच पोटात ठरलं.

बुधवार, २० फेब्रुवारी

ताप उतरला. चिंचच ती. बाहेरचं ते बाहेरचंच.

शनिवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा ताप. झोपेत घामाने चादर भिजते. सकाळी उठताना गुडघे धरून बसली. रोनीलला फोन केला, तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने. नेलं. डेंगी नाही. टायफॉइड नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं, बाळाचे ठोके ऐकवले. धडधड धडधड! मी खुर्चीचा हात सोडायला विसरले होते.

"कच्चं दूध वगैरे कधी पिते का ही?"

मी म्हटलं, "डॉक्टर, मी आरोग्य निरीक्षक आहे. आमच्या घरात तीन उकळ्यांशिवाय दूध कपात पडत नाही." त्या हसल्या, म्हणाल्या, तरी रक्त पाठवते.

तरी म्हणजे काय? माझ्यावर विश्वास नाही?

सोमवार, २५ फेब्रुवारी

देवळात पंडितजी लंगडत होते. ताप येऊन गेला म्हणे, आता सांधे. "वय झालं बेटी, आणि हा पाऊस." माझीही कंबर दोन दिवस धरलीय. पावसाने सगळ्यांचीच हाडं सादळलीत. पुढच्या सोमवारी शिवरात्र. नवस बोलले — पोरीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मुलाचं जावळ तुझ्या पायाशी काढीन.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

ताप येतो, जातो. येतो, जातो. मला हे वर्णन कोणीतरी ऐकवलंय. आठवतंय, पण आठवायचं नाही.

नाही. आमच्या घरी त्याचं दूध आलेलंच नाही.

तिच्या माहेरून? तिची आई गेल्या आठवड्यात येऊन गेली, डब्यात काहीतरी होतं. मी विचारलं तेव्हा "नुसती रोटी-भाजी" म्हणाली. नुसती!

सोमवार, ४ मार्च

महाशिवरात्र. देवळात पाय ठेवायला जागा नाही. पिंडीवर दुधाची धार खंडत नव्हती. पंडितजी कसेबसे उभे, पण चेहरा प्रसन्न. मी गाभाऱ्यापर्यंत पोचलेच नाही, गर्दीतून कोणीतरी तांब्या भरून पुढे दिला. छातीशी धरून घरी आणला, एक थेंब सांडू दिला नाही.

प्रणीताला उठवून बसवलं. तिला उठवत नव्हतं. म्हटलं, आज शिवरात्र आहे बाळा, आज चमच्याने नाही. वाटीभर पाजलं. माझ्या खांद्याला डोकं टेकून हळूहळू सगळं प्यायली. "आता बरं वाटेल ना मम्मी?" म्हणाली. म्हटलं, वाटणारच.

बुधवार, ६ मार्च

तोच रोग. जनावरांच्या डॉक्टरांनी जे नाव घेतलं होतं तेच नाव. रक्तात आलंय.

प्रणीताला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. गोळ्या सुरू. कितीतरी आठवडे घ्यायच्या. बाळाचं काय? "सांगता येत नाही. उशीर फार झालेला नाही, एवढंच." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी न हसता. कच्चं दूध, दही, लोणी, काहीही?

मी प्रणीताकडे वळले. खरं सांग. आईने आणलं होतं? रोनीलने? कुठल्या मैत्रिणीने? पोरगी नुसती मान हलवत होती. मग हुंदका देऊन म्हणाली, "मम्मी, तुम्ही दिल्याशिवाय मी काहीच खाल्लं नाही. चिंचेच्या गोळ्यासुद्धा नुसत्या ठेवल्या होत्या. वास घ्यायला."

मला खरं वाटलं नाही. कसं वाटेल? रोग काय आकाशातून पडतो? तिच्या आईला फोन केला, नको ते बोलले. तिने फोन आपटला.

जगरूप! त्याचंच दूध, कुठूनतरी, कोणाच्या तरी हातून माझ्या घरात शिरलंय. ज्याने विकलं त्याला मी सोडणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

परदेशातला निकाल आला. गायी न्यायला ट्रक गेला, मागोमाग मी.

म्हातारा एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत होता. चांदनी चढेना. चार माणसं ढकलत होती. त्याने नुसतं "चल गं बाई" म्हटलं, तशी मुकाट्याने फळीवर पाय ठेवला. एरवी मला रडू आलं असतं. आज आलं नाही.

"माझी सून हॉस्पिटलात पडलीय!" सगळ्यांसमोर ओरडले. "पोटात सातवा महिना आहे तिच्या! कोणाला विकलंत हे विष? आज नाव सांगितल्याशिवाय सोडणार नाही!"

"विष?" त्याला कळेचना. "दूध आहे ते, बेटी." पहिल्यांदाच बेटी म्हणाला.

मग सांगितलं सगळं. रोगाचं नाव, चांदनी का गाभडली ते, ताप, सांधे, गरोदर बाया. त्याच्या हातातली कुंकवाची वाटी वाकडी होत गेली. जनावरांचे डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गायी पळवल्या असत्या तुम्ही!"

त्याने वाटी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "न उकळता गेलं पोटात तर? जास्त नाही. पळीभर?"

"पळीभर पुरतं."

मटकन खाली बसला. ट्रक गेला, त्याने वर बघितलंसुद्धा नाही. मग उठला, दांडीवरचा सदरा अंगात घातला आणि अनवाणीच निघाला. कसावाच्या शेतातून, त्याच पायवाटेने, जवळजवळ पळतच.

"थांबवू का, मॅडम?" वीलिआमेने विचारलं.

म्हटलं, जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं. ज्याला दिलं त्याला सावध करायला निघालाय. जाऊन जाऊन जाईल कुठे? उद्या पोलिसांत तक्रार देते.

सोमवार, ११ मार्च

तीन दिवस लिहिलं नाही.

जगरूपनाना थेट देवळात गेले होते. पंडितजींच्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला आणि पायरीवर बसले. येईल त्याला हात जोडून सांगत राहिले — चरणामृत घेऊ नका, दूध माझ्या गायींचं आहे, जानेवारीपासून रोज मीच आणून देतोय. अजून तिथेच बसलेत म्हणे. घरी चला म्हटलं तर उठत नाहीत. एक थेंबही विकला नव्हता त्यांनी.

वीलिआमेने हे सगळं गाडीत, समोर रस्त्याकडे बघत सांगितलं. हसला नाही.

बाळाचे ठोके लागतात. पण गोळ्या लागू पडल्या की नाही ते कळायला वेळ आहे.

संध्याकाळी प्रणीता म्हणाली, "मम्मी, आज सोमवार ना? चरणामृत नाही आणलं?"

म्हटलं, आज देऊळ बंद होतं.

"बरं," म्हणाली. लगेच विश्वास ठेवला.